मागून मारलेली हाक

हे मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही. नवऱ्याला नाही — त्याच्या शेवटच्या आजारपणात आम्ही एकमेकांना पुष्कळ काही सांगून टाकलं, तेव्हाही हे एवढं राखून ठेवलं. आणि जिला सांगायला हवं होतं, ती माझी धाकटी बहीण मंदा यंदा उन्हाळ्यात गेली. आता तिला सांगण्याचा प्रश्नच उरला नाही. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. तुम्ही वाचता आहात, आणि तुमचा चेहरा मला दिसत नाही, एवढंच असेल.

मी तळा गावी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. घरात पुस्तकं आहेत, खिडकीत एक खुर्ची आहे, आणि मी हळूहळू लिहिते — एक वाक्य लिहायचं, मग उठून भाताखालचा गॅस बंद करून यायचं, मग पुढचं. सरळ मुद्द्याला हात घालणं मला कधी जमलं नाही. मुलांच्या निबंधात मात्र लाल शाईने लिहायचे, ‘पाल्हाळ’.

तर मंदाबद्दल सांगते. तिच्यापासून सुरुवात केली तर कदाचित पोचेन.

मंदा बोर्ली पंचतनच्या बाजारात सुकी मासळी विकायची. बोंबील, जवळा, सुकट. बाजारात बसलेली कोळीण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येईल त्यातलं मंदाकडे एकच होतं, ते म्हणजे टोपली. ती ओरडत नसे. गिऱ्हाईक समोरून निघून चाललं तरी ती त्याच्या पाठीकडे बघत गप्प बसायची. शेजारी बसणारी हौसाक्का तिचाही माल स्वतःच्या गळ्यावर विकून द्यायची आणि वर तोंडसुख घ्यायची.

“मंदे, तुजं बोंबील काय स्वताच बोलनार हायत? का गिराईक सपनात येनार हाय तुज्या?”

मंदा हसायची. “तू हायस ना बोंब मारायला.”

“मी हाय! मी मेल्यावर काय करशील?”

“तवा बोंबील फुकट वाटीन.”

असं बोलायची, समोर बसून, हलक्या आवाजात. विनोदीही बोलायची. पण पाठमोऱ्या माणसाला तिने कधी हाक मारली नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या मुलाला नाही. कुणी चप्पल विसरून गेलं, पिशवी विसरून गेलं, तर ती धावत जायची, वळसा घालून त्याच्या पुढे उभी राहायची, आणि मग बोलायची. लोकांना त्याची सवय झाली होती. तिच्या मुलाला, निलेशला, लहानपणी वाटायचं सगळ्यांच्याच आया अशा पळतात.

आणि घरातून कुणी बाहेर निघालं की मंदा दारात उभी राहायची — उजव्या हाताचा तळवा तोंडावर घट्ट दाबून. माणूस वळणापलीकडे जाईपर्यंत. कळतं का तुम्हाला? साधं बाजाराला निघालेलं माणूस. शाळेला निघालेलं पोर.

निलेश शाळेच्या सहलीला गेला तेव्हा तो परत येईपर्यंत तिने चूल पेटवली नाही. वारा सुटला की ती भिंतीला पाठ लावून बसायची. झोपेतून उठून दार उघडं ठेवायची, कुणी आलं तर कळावं म्हणून. लहानपणी ती कितीतरी महिने बोललीच नव्हती. पुढे बोलू लागली, लग्न झालं, संसार केला. नवरा बर्फाच्या कारखान्यात होता, जमिनीवर काम करणारा — तोच तिने मागून घेतला होता, होडीवर जाणारा नको म्हणून. पण आतलं काही सुटलं नाही. वयाबरोबर घट्ट होत गेलं.

आता सांगायला हवं, ते का.

आमचे बाबा होडीवर जायचे. होडी लहान, बाबा आणि आणखी तिघं. दर्यावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही — आमच्याकडे मूल चालायला लागलं की त्याला हे शिकवतात. निघणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. घरातल्या बायका उंबऱ्याच्या आत उभ्या राहतात आणि काही विसरलं असेल तर विसरलेलंच बरं समजतात. चुकून हाक गेलीच, तर त्यावर उतारा असतो: माणसाने मागे फिरून घरी यायचं, टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्याने ‘येतो’ म्हणून निघायचं. जगभर माणसं काय काय मानतात. आम्ही हे मानत होतो.

नारळी पौर्णिमा झाली होती, होड्या नुकत्याच पाण्यात गेल्या होत्या. मी दहा वर्षांची, मंदा पाच. सकाळची वेळ. आई विहिरीवर होती. आत्या — बाबांची विधवा बहीण, आमच्याकडेच राहायची — मागल्या पडवीत मासे साफ करत होती. मंदा ओट्यावर चिंचोक्यांशी खेळत होती. बाबा ‘येतो’ म्हणून निघाले. मला पाचवीत कंपासपेटी हवी होती. बाकी मुलींकडे होती. बाबांनी मासळी विकायला जातील तेव्हा श्रीवर्धनहून आणायचं कबूल केलं होतं आणि दोनदा विसरले होते. ते गल्लीच्या टोकाला पोचले आणि मला वाटलं, पुन्हा विसरणार.

मी हाक मारली. “बाबा! कंपासपेटी!”

हाक मी मारली. मंदाने नाही.

बाबा वळले. हसले. खांद्यावरचं जाळं एका हाताने सावरत म्हणाले, “आणतो गो!” पाणी ओसरायला लागलं होतं, थोडा उशीर झाला की खाडीच्या तोंडाशी होडी वाळूला टेकते. मागे येऊन बसायला, पाणी प्यायला वेळ नव्हता. ते तसेच गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला. होडी उलटली. तिघांना दुसऱ्या होडीने उचललं. बाबा सापडले नाहीत, पुढेही कधी सापडले नाहीत.

घर माणसांनी भरलं होतं. आईच्या बांगड्या कुणीतरी फोडत होतं, तो आवाज मला अजून येतो. आणि आत्या आम्हा दोघींसमोर येऊन बसली. तिचे डोळे कोरडे होते.

“त्या सकालची हाक कोनी मारली गो? मी आयकली पडवीतून. खरा सांगा.”

तिला आवाज ऐकू आला होता, कुणाचा ते कळलं नव्हतं. लहान मुलींचे आवाज सारखेच. आत्याची नजर आधी माझ्यावर आली. मी दहा वर्षांची होते. मला कळत होतं की या प्रश्नाचं उत्तर जी होईल तिचं काय होईल. मंदाला कळत नव्हतं. ती माझ्या फ्रॉकचं टोक धरून बसली होती.

मी म्हटलं, “मंदीने.”

एवढंच. एक शब्द. त्याला किती वेळ लागतो?

मंदाने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणाली नाही. मोठी बहीण सांगते आहे म्हणजे तसंच असणार — पाच वर्षांच्या मुलीला आणखी काय वाटणार? आत्याने तिला मारलं नाही. नुसतं म्हणाली, “कालतोंडे, बापाला गिळलास.” आणि उठून गेली.

त्यानंतर गल्लीतली कुठलीही होडी निघायची असली की बायका आधी ओरडायच्या, “मंदीला आत घ्या गो!” आणि आई — माझी गरीब आई, जिने मंदाला कधी एक बोट लावलं नाही — तिला मागल्या खोलीत नेऊन मांडीवर घ्यायची आणि तिच्या तोंडावर हात ठेवायची. हळूच. मायेनेच. माणसं दूर जाईपर्यंत. पुढे आईला हात ठेवावा लागेना. मंदा स्वतःच ठेवू लागली.

मी त्या खोलीच्या दारात उभी राहून हे पाहिलं आहे. एकदा नाही.

कंपासपेटी मला शाळेतल्या बाईंनी दिली, वडील गेले म्हणून. मी ती दहावीपर्यंत वापरली.

तुम्ही म्हणाल, दहा वर्षांचं पोर घाबरलं, खोटं बोललं. मीही स्वतःला हेच सांगत आले. पण दहा वर्षांचं पोर विशीत आलं, तेव्हा? चाळिशीत? साठीत? दर वर्षी माझ्यापुढे तोच प्रश्न यायचा आणि दर वर्षी मी नव्याने ‘मंदीने’ म्हणायचे, फक्त तोंड न उघडता.

मी शिकले. शिकल्यावर माणसाला बोलता येतं, आणि बोलता येऊ लागलं की न बोलणं किती सोपं होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. सुटीत घरी यायचे आणि मंदाला समोर बसवून समजवायचे. हाकेने होडी बुडत नाही गं. वाऱ्याने बुडते. अंधश्रद्धा आहे ही. मोठमोठे शब्द. मला वाटायचं, मी माझ्या परीने फेडते आहे. मंदा सगळं ऐकून घ्यायची. एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली —

“तुला सोपा हाय ताई. तू न्हवती मारली.”

मी काय केलं त्यावर? मी तिच्या सुपातले दोन खडे उचलून बाहेर टाकले.

पुढचं याहून वाईट आहे. म्हणून हळू लिहिते.

मंदाचा नवरा वारल्यानंतर तिचं फार बिघडलं. झोप गेली, जेवण सुटलं, बाजारात बसणं सुटलं. गावात कुणी अंगारा दिला, कुणी देवाला कौल लावला. मी शिकलेली बहीण. मी तिला माणगावला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने मंदाला घाई केली नाही. आणि मंदा, जी कुणापाशी बोलत नव्हती, ती त्या मुलीपाशी बोलली. म्हणाली, मला माझा आवाज ऐकू येतो. लहानपणचा. बाबा चाललेत आणि मी हाक मारतेय.

डॉक्टरने विचारलं, “काय म्हणून हाक मारता?”

“बाबा, मी पन येते.”

मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. तुमच्या लक्षात येतंय का? असं कुणी म्हणालंच नव्हतं. मी तिला फक्त हाक दिली होती, शब्द दिले नव्हते. शब्द तिने स्वतः घातले होते, पाच वर्षांच्या मुलीला शोभतील असे. माझ्या खोट्याला तिने इतकी वर्षं स्वतःचा आवाज देऊन सांभाळलं होतं. आठवण म्हणून.

डॉक्टर मला म्हणाली, “ताई, तुम्ही तेव्हा घरी होतात? तुम्हाला काय आठवतं?”

खोलीत आम्ही तिघीच. आत्या जाऊन वर्षं लोटली होती, आईही नव्हती. मला कुणाचीच भीती नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर ती डॉक्टर काय करायचं ते जाणत होती, त्यासाठीच ती तिथे बसली होती.

मी म्हटलं, “मी आत होते. मला नीटसं आठवत नाही.”

डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या. लहानपणी बसलेली धास्ती अंगात मुरते, वेळ लागेल, येत राहा, म्हणाली. गोळ्यांनी मंदाला झोप लागू लागली. बाकी काही हललं नाही. कसं हलणार? त्या मुलीने जे दुखणं तपासलं ते अर्धंच होतं. अर्धं शेजारच्या खुर्चीवर पर्स मांडीत घेऊन बसलं होतं.

त्या दिवशी माणगावच्या स्टँडवर गाडीची वाट पाहताना मंदाने मला विचारलं, “ताई, बाबा वळले होते काय? मला बाकी सगला दिसता. त्यांचा तोंडच दिसत न्हाय.”

माझ्याकडे ते तोंड होतं. होतं म्हणजे, आजही आहे — जाळं सावरत हसणारं, एक दात पुढे आलेला. ते मला त्या हाकेमुळे मिळालं होतं. हाकेचा दोष मी तिला दिला आणि तो चेहरा मात्र स्वतःकडे ठेवला. निदान तेवढा तरी तिला द्यायचा. वळले होते गं, हसले होते, इतकं तर म्हणता आलं असतं. पण तासाभरापूर्वीच मी डॉक्टरला सांगितलं होतं, मी आत होते. आता मला कसं दिसणार?

“मला काय माहीत,” मी म्हटलं. “मी आत होते ना.”

मंदाने मान हलवली. मग माझंच समाधान करावं तसं म्हणाली, “न्हाय वळले आसतील. माजा आवाज तो केवढा. पोचला नसंल.”

गाडी आली. आम्ही बसलो. तिने मला खिडकीची जागा दिली.

आता शेवटचं. निलेश पनवेलजवळ एका कंपनीत कामाला आहे. सुटी संपवून तो सकाळच्या गाडीला निघाला. मंदा नेहमीसारखी दारात उभी होती. समोरच्या घरातली वनिता तेव्हा नळावर चालली होती, तिने पाहिलं: मंदाचा एक हात छातीवर होता आणि दुसरा तोंडावर. चेहरा घामाने भरलेला. पण तोंडावरचा हात वनिताने जन्मभर पाहिला होता. तिला वाटलं, पोरगा चाललाय, नेहमीचंच. निलेश बर्फाच्या कारखान्यापर्यंतही पोचला नव्हता. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. वनिता हंडा भरून परत आली तेव्हा मंदा चौकटीला टेकून खाली बसलेली होती. हात तोंडावरून निसटून मांडीत पडला होता.

निलेशला फोन गेला तेव्हा त्याची गाडी म्हसळ्यात होती.

सगळे एकच बोलत होते. हाक का नाही मारली बाईने? निलेशने मलाच विचारलं, कारण मी थोरली, मी शिकलेली. “मावशी, आईने हाक का नाही मारली गं? मी तिथंच होतो.”

मी म्हटलं, “छातीत एवढी कळ आली की आवाज फुटत नाही रे.”

बघा. सरावलेलं तोंड.

तेराव्यानंतर महिन्याभराने निलेश माझ्याकडे तळ्याला आला. आईची दोन लुगडी मला द्यायला. वाळला होता. चहा घेताना म्हणाला, “झोप लागत नाही मावशी. रस्त्याने चाललो की सारखं वाटतं, मागून कोणीतरी हाक मारतंय. थांबतो. कोणी नसतं.” मग कपाकडे बघत म्हणाला, “मी एकदा मागं बघायला पाहिजे होतं. आईनेच शिकवलं होतं, निघालं की मागं बघायचं नाही. पण बघायला पाहिजे होतं.”

तो आवाज मी ओळखला. माणगावच्या त्या खोलीत ऐकला होता.

तरीही मी त्याच्या कपात नुसता आणखी चहा ओतला. तो उठला, पायात चप्पल घातली, म्हणाला, “येतो मावशी.” मी दारात उभी राहिले आणि त्याची पाठ बघत राहिले. मंदासारखीच चाल, खांदे किंचित पुढे. तो फाटकातून बाहेर पडला. समोरच्या दुकानापाशी पोचला.

मी हाक मारली. “निलेश!”

मोठ्याने. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. तोही थांबला. काही वेळ तसाच पाठमोरा उभा राहिला — मला वाटतं, ही खरी हाक की ती दुसरी, ते त्याला ठरवता येत नव्हतं. मग वळला. परत आला. का बोलावलं हे न विचारता पायरीवर टेकला, आणि म्हणाला, “पाणी दे.”

त्याच्या आईने शिकवलं होतं ते. मी पाणी आणून दिलं. तो प्यायला. मग मी त्याला सांगितलं, जे तुम्हाला सांगितलं तेच, पण थोडक्यात. मला वाटलं होतं पुष्कळ वेळ लागेल. लागला नाही.

तो पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत होता. त्याने विचारलं, “म्हणजे आईने हाक मारलीच नव्हती?”

“नाही.”

“आणि तिला शेवटपर्यंत...”

“हो.”

“आजोबा वळले होते?”

“वळले होते,” मी म्हटलं. “हसले. ‘आणतो गो’ म्हणाले.”

निलेशने पेला पायरीवर ठेवला, उठला, आणि गेला. ‘येतो’ म्हणाला नाही.